मीठ टाकावं की टाकू नये?

घरच्या मत्स्यटाकीतला रॅम सिक्लिड मासा पंख मिटून कोपऱ्यात बसला की सल्ला ठरलेला: ‘मीठ टाका.’ पण मीठ नेमकं करतं काय?

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं, क्षार बाहेर निसटतात आणि मूत्रपिंडं दिवसरात्र पाणी उपसत राहतात. टाकीत थोडं मीठ पडलं की हा फरक घटतो, आजारी माशाचे श्रम वाचतात. नव्या टाकीत विषारी नायट्राइट वाढलं असेल, तर मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांच्या दारातच बऱ्याच अंशी अडवतो.

म्हणजे मीठ हे औषध, रोजचा आहार नव्हे. रॅम मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला. तिथलं पाणी उबदार, मऊ, क्षार जेमतेम. त्याला कायम खारट पाण्यात ठेवण्यात काहीच हशील नाही. टाकीतल्या नाजूक वनस्पतीही कोमेजतात.

गरज पडलीच, तर वेगळी टाकी घ्या. लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात करा, म्हणजे २० लिटरला २० ग्रॅम. मगभर पाण्यात मीठ पूर्ण विरघळवा आणि थोडं थोडं करून काही तासांत घाला. दाणे थेट माशावर पडू देऊ नका.

आणखी एक: पाणी उडून जातं, मीठ नाही. घटलेली पातळी साध्या पाण्यानंच भरा. मीठ काढायचं, तर पाणी बदलावंच लागतं. पाव टाकी बदलली की पावच मीठ जातं.