हैतीतील क्रेओल : एका भाषावैज्ञानिक संज्ञेचा पुनर्विचार

भाषाविज्ञानात काही उदाहरणे इतकी रूढ होऊन बसलेली असतात की, ती पुन्हा तपासून पाहावीत असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा मांडताना दिलेली अरबी, आधुनिक ग्रीक, स्विस जर्मन व हैतीतील क्रेओल ही चार उदाहरणे या प्रकारची आहेत. एका भाषिक समाजात एकाच भाषेची दोन रूपे नांदतात. त्यांपैकी ‘उच्च’ रूप शिक्षण, धर्म व राज्यकारभार यांसाठी आणि ‘नीच’ रूप घर व बाजार यांसाठी वापरले जाते. आणि ही वाटणी शतकानुशतके टिकून राहते, असा या संज्ञेचा थोडक्यात आशय आहे. हे वर्णन हैतीला कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न केवळ वर्गीकरणाचा असता, तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या व्यवस्थेला आपण ‘स्थिर वाटणी’ म्हणतो, तिच्यामुळे एका देशातील बहुसंख्य लोक शाळा व न्यायालय यांच्या बाहेरच राहिले असतील, तर ती संज्ञा तपासणे अगत्याचे ठरते.

हैती हा कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग होय. १६९७ च्या रिझविकच्या तहानंतर येथे फ्रान्सची सत्ता पक्की झाली आणि सँ-दोमँग या नावाने ही वसाहत साखर व कॉफी यांच्या मळ्यांमुळे अठराव्या शतकात अत्यंत संपन्न झाली. ही संपन्नता गुलामांच्या श्रमांवर उभी होती. १७८९ च्या सुमारास तेथे साडेचार ते पाच लाख गुलाम होते आणि त्यांपैकी बहुतेकांचा जन्म आफ्रिकेत झालेला होता. फोन, एवे, किकोंगो अशा नाना भाषा बोलणाऱ्या या लोकांना मळ्यावर एकमेकांशी आणि मुकादमाशी बोलावे लागे. या व्यवहारातून क्रेओल घडली.

तिच्या घडणीची काही उदाहरणे उद्बोधक आहेत. पाण्याला क्रेओलमध्ये ‘द्लो’ म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधील ‘द लो’ या पदसमूहावरून आला. म्हणजे फ्रेंचमधील शब्दयोगी अव्यय व उपपद ही दोन्ही मूळ नामाला कायमची चिकटली. तांदळाला ‘दिरी’ म्हणतात, त्यातही फ्रेंचमधील ‘द्यू री’ असेच गोठलेले आहे. शब्द फ्रेंच असले तरी त्यांची व्यवस्था निराळी आहे. फ्रेंचमध्ये उपपद नामाच्या पूर्वी येते, क्रेओलमध्ये ते नामानंतर येते : ‘लिव ला’ म्हणजे ‘ते पुस्तक’. क्रियापद पुरुष-वचनानुसार बदलत नाही; काळाचा व अवस्थेचा बोध स्वतंत्र चिन्हांनी होतो. ‘म्वें ते माँजे’ म्हणजे ‘मी जेवलो’, ‘म्वें आप माँजे’ म्हणजे ‘मी जेवतो आहे’. सर्वनामात लिंगभेदही नाही. ‘ली’ या एकाच रूपाने ‘तो’, ‘ती’ व ‘ते’ या तिन्हींचा निर्देश होतो. हैतीच्या विदुषी सुझान सिल्व्हँ यांनी १९३६ मध्ये क्रेओल ही फ्रेंच शब्दसंग्रह धारण करणारी एवे भाषा आहे, असा निष्कर्ष काढला. इतर अभ्यासकांनी सतराव्या शतकातील वसाहतवाल्यांच्या फ्रेंच बोलींवर भर दिला. हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु फ्रेंच न शिकलेल्या क्रेओलभाषकाला फ्रेंच समजत नाही, याबद्दल दुमत नाही. तेव्हा ‘एकाच भाषेची दोन रूपे’ ही पहिली अटच येथे डळमळीत होते.

दुसरी अट समाजासंबंधीची आहे आणि तिच्यासाठी पुन्हा इतिहासाकडे वळावे लागते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये गुलामांचा उठाव सुरू झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे देसालीन यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. गुलामांनी यशस्वी उठाव करून स्थापन केलेले हे जगातील पहिले राज्य. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १८०१ मध्ये नेपोलियनने या वसाहतीतील रहिवाशांना उद्देशून काढलेला जाहीरनामा क्रेओलमध्येही छापला गेला होता. मात्र स्वतंत्र हैतीच्या घोषणेचा लेख फ्रेंचमध्ये लिहिला गेला. ज्यांना जिंकावयाचे होते त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलण्याची गरज साम्राज्याला वाटली. नव्या राज्याला आपल्या लेखी व्यवहारात ती वाटली नाही. राज्यकर्त्या वर्गाच्या दृष्टीने फ्रेंच ही जगातील इतर राष्ट्रांपुढे आपली योग्यता सिद्ध करण्याची भाषा होती. पुढे अमेरिकेने हैतीचा ताबा घेतला असता (१९१५ ते १९३४), १९१८ च्या राज्यघटनेने फ्रेंचला अधिकृत भाषेचे स्थान दिले.

याला आर्थिक कारणांचीही जोड मिळाली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात पंधरा कोटी फ्रँकांची भरपाई मागितली. १८३८ मध्ये ती नऊ कोटींवर आली. तिच्यासाठी काढलेल्या आणि त्यापाठोपाठच्या कर्जांचा भार विसाव्या शतकापर्यंत राहिला. अशा राज्याला खेड्यापाड्यांत सार्वत्रिक शिक्षण पोहोचविता आले नाही. फर्ग्युसन यांच्या मांडणीत उच्च रूप हे शाळेत शिकावयाचे असते. जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक मूल शाळेत जाऊन प्रमाण जर्मन शिकते, म्हणून तेथे दोन्ही रूपे सर्वांच्या हाती असतात. हैतीत शाळाच थोड्यांच्या वाट्याला आली, त्यामुळे फ्रेंचही थोड्यांच्याच वाट्याला आली. इव्ह देजाँ यांनी १९८३ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले : हैतीत एक अल्पसंख्य द्विभाषिक वर्ग आणि एक विशाल एकभाषिक जनसमूह आहे. ज्याला एकच भाषा येते तो प्रसंगानुसार भाषेची निवड करू शकत नाही. न्यायालयात आपल्याविरुद्ध काय बोलले जात आहे हे ज्या आरोपीला कळत नाही, त्याच्या बाबतीत ‘कार्यविभागणी’ हा शब्द वस्तुस्थितीवर पांघरूण घालतो.

परिस्थिती बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. फेलिक्स मोरिसो-लरवा यांनी १९५३ मध्ये अँटिगनीची कथा क्रेओल रंगभूमीवर आणली. फ्रँकेतिएन यांची ‘देझाफी’ ही कादंबरी १९७५ मध्ये क्रेओलमध्ये प्रसिद्ध झाली. १९४० नंतरच्या काळात लिपीविषयी वाद झाला, तोही अर्थपूर्ण होता. ‘के’, ‘डब्ल्यू’ व ‘वाय’ ही अक्षरे अमेरिकन वळणाची आहेत, असा आक्षेप घेतला गेला. अखेर १९७९ मध्ये उच्चारानुसारी लेखनपद्धती निश्चित झाली, तीत ही अक्षरे राहिली. त्याच वर्षीच्या शिक्षणसुधारणेने प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांत क्रेओल हे माध्यम ठरविले. १९८७ च्या राज्यघटनेने क्रेओल ही सर्व हैतीवासीयांना जोडणारी समाईक भाषा आहे असे म्हटले आणि फ्रेंचबरोबर तिलाही अधिकृत स्थान दिले. २०१४ मध्ये क्रेओल अकादमी स्थापन झाली.

तरीही या सुधारणेला विरोध झाला, आणि तो केवळ वरिष्ठ वर्गाकडून झाला नाही. अनेक गरीब पालकांनाही क्रेओल शाळा नको होती. या विरोधास अज्ञान म्हणून बाजूला सारणे चुकीचे होईल. नोकरी व प्रतिष्ठा यांची दारे फ्रेंचनेच उघडतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. आपल्या मुलांना बाहेर ठेवण्याची ही नवी युक्ती असावी, अशी त्यांना शंका आली. दार जोवर फ्रेंचनेच उघडते, तोवर केवळ वर्गातील माध्यम बदलून भागत नाही, हे त्यांचे अनुमान बरोबरच होते. परंतु न समजणाऱ्या भाषेतील पाठ घोकून फ्रेंचही येत नाही, ही त्या अनुमानाची दुसरी बाजू त्यांच्यापुढे कोणी नीट मांडली नाही. त्यातच बहुसंख्य शाळा खाजगी असल्याने सुधारणेची अंमलबजावणी विस्कळीत राहिली. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने आणि २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हत्येनंतर बळावलेल्या सशस्त्र टोळ्यांच्या हिंसाचाराने असंख्य मुलांची शाळाच हिरावून घेतली. २०२५ च्या प्रारंभी देशांतर्गत विस्थापितांची संख्या दहा लाखांवर गेली होती.

या विवेचनावरून ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा टाकाऊ आहे असा अर्थ काढू नये. अरबी भाषेच्या अभ्यासात तिचा उपयोग आजही होतो. ग्रीसमध्ये १९७६ साली लोकभाषा अधिकृत झाली व जुनी वाटणी मोडली. हे परिवर्तन समजून घेण्यासही ती उपयुक्त आहे. हैतीचे उदाहरण मात्र तिची मर्यादा दाखविते. दोन रूपांचे वर्णन करताना त्यांची कार्ये नोंदविणे पुरेसे नाही. दोन्ही रूपे समाजातील किती लोकांच्या आवाक्यात आहेत आणि ती आवाक्यात येण्याचा मार्ग कोणाच्या हाती आहे, हेही नोंदविले पाहिजे. क्षेत्रपाहणीस जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रश्नावलीत हा प्रश्न पहिल्याच पानावर ठेवावा.