शिशुगीतांतील लय आणि मराठीचे उच्चार

लहान मुलाचा संगीताशी परिचय कोणत्या मार्गाने करून द्यावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा स्वरांच्या बाजूने विचारला जातो. पेटीवरील षड्ज, मग सरगम, मग अलंकार असा क्रम ठरलेला असतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून व पाठ्यपुस्तके रचून संगीतास जी शालेय शिस्त दिली, तिचाच हा वारसा होय. आणि जाणत्या विद्यार्थ्यास तो उपकारकही ठरला. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा पडतो. त्याच्याजवळ स्वरज्ञान नसले, तरी स्वभाषेतील अक्षरांचा कमीअधिक काल ओळखणारा कान मात्र तयार झालेला असतो. मराठी मूल संगीतात प्रवेश करते ते या कानाच्या आधारे. म्हणून बालसंगीताचा प्रश्न काही अंशी भाषाशास्त्राचाही ठरतो.

भोंडल्याच्या गाण्यांची एक लकब या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुष्कळ गाण्यांत कडवे तेच राहते आणि केवळ नात्याचा शब्द बदलतो: सासू, सासरा, दीर, नणंद. वरवर पाहता ही पाठांतराची सोय दिसते. पण फेर धरणाऱ्या चार वर्षांच्या मुलीकडून ती फार सूक्ष्म काम करवून घेते. समजा, त्या शब्दासाठी चार मात्रांची जागा आहे. ‘सासू’ हा दोन गुरूंचा शब्द तीत नेमका बसतो. ‘सासरा’ शब्दाच्या मात्रा पाच. तेव्हा शेवटचा ‘रा’ आखडावा लागतो. ‘नणंद’ लघु, गुरू, लघु अशी बसते, पण तिचा आघात निराळ्या जागी पडतो. ‘दीर’ अपुरा पडतो म्हणून त्याचा ईकार लांबवावयाचा. तालाचे ठोके न बदलता त्यांच्या दरम्यान अक्षरांची दाटी कमीअधिक करणे हीच लयकारीची पहिली पायरी होय. आणि ती येथे कोणी न शिकविता चढली जाते.

यातच उच्चारशास्त्राचीही एक गोष्ट दडलेली आहे. नित्याच्या बोलण्यात ‘दीर’मधील अंत्य अकार लोपतो व ‘सासरा’मधील मधला अकारही लोपतो, म्हणजे पहिला शब्द एका अक्षराचा आणि दुसरा दोन अक्षरांचा उरतो. गाण्यात मात्र हे लुप्त अकार पुष्कळदा परत येतात. पुढे तेच मूल पाटीवर ‘सासरा’ हा शब्द तीन अक्षरांनी लिहू लागते, तेव्हा बोलण्याने झाकलेले अक्षर त्याने गाण्यात आधीच ऐकलेले असते. लेखनशिक्षणाच्या चर्चेत याची दखल फारशी घेतली जात नाही.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी जातिरचनांचे वर्गीकरण आवर्तनांवरून केले. आठ मात्रांचे ते पद्मावर्तन, सहा मात्रांचे ते भृंगावर्तन. शिशुगीते व खेळगाणी यांचा मोठा भाग पहिल्या वजनात मोडतो आणि त्यामुळे केरव्याच्या ठेक्याशी सहज जुळतो. काही पाळणे दुसऱ्या वजनाकडे, म्हणजे दादऱ्याकडे, झुकतात. आठांचे हे प्राबल्य केवळ मराठीचे नव्हे. रुमानियाचे लोकसंगीततज्ज्ञ ब्राइलॉयू यांनी १९५६ मध्ये अनेक भाषांतील बालगीतांची तुलना करून आठ लघु एककांची ओळ हा त्यांचा समान पाया असल्याचे दाखविले. रॉबिन्स बर्लिंग यांनी १९६६ मध्ये इंग्रजी, पेकिंगची चिनी व सुमात्रातील बेंगकुलू या परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांत चार ठोक्यांची ओळ समान असल्याचे मांडले. यावरून सर्व मुलांची गाणी एकच, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. ठोके समान असतील. ते भरण्याची रीत ज्या त्या भाषेची असते.

ही रीत अंगात भिनते ती खेळातून. राज्य कोणावर येणार हे ठरविताना मुले जे बोल म्हणतात, त्यांत दर ठोक्यास एकेका गड्यावर बोट पडते. ठोका चुकला तर भांडण ठरलेले. तालाचा इतका कडक परीक्षक संगीतशाळेतही मिळत नाही! फुगडीत पाय आणि श्वास लय धरतात. पकवा घालताना तर शब्दही गळून पडतात, केवळ श्वासाचा आघात उरतो.

गाणे शाळेने पुरवावे की मुलाच्या अंगणातून घ्यावे, हा यापुढचा प्रश्न. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडीनेच पाड्यावरील अंगणात जावे, हा त्यांचा विचार. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. शाळा अंगणात गेली, पण गाणे मात्र छापील पुस्तकातून आले, असे झाल्यास त्या विचाराचा अर्धाच भाग स्वीकारल्यासारखे होईल.

नाशिकच्या पूर्वेस गोदाकाठी असलेल्या एकलहरे गावासारख्या ठिकाणी हा पेच अधिक अवघड होतो. १९७० च्या दशकापासून तेथे औष्णिक वीजकेंद्र व त्याच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. अशा वसाहतीत खानदेश व विदर्भाकडील भुलाबाई आणि देशावरचा भोंडला एकाच मैदानावर येऊ शकतात. भुलाबाईच्या गाण्यास टिपरीचा आघात असतो, भोंडल्यास फेराचे पाऊल. टिपरी लय उचलते, पाऊल तिला संथ ठेवते. जिल्ह्याच्या बागलाण, मालेगाव भागांतील अहिराणीची त्यात आणखी भर. एवढी विविधता पाहून शिक्षिकेस प्रमाणभाषेतील एकच गाणे सर्वांना द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु गाण्यातील शब्द ‘शुद्ध’ करताना दोन प्रकारचे बदल वेगळे ओळखले पाहिजेत. ‘पानी’चे ‘पाणी’ केल्याने वजनास धक्का पोहोचत नाही. ‘गेल्ती’चे ‘गेली होती’ केले की चार मात्रांच्या आठ होतात. मग मूल एक तर शब्द गिळते, नाही तर ठोका सोडते. आणि ठोका सोडणाऱ्या मुलावर ‘याला ताल नाही’ असा शिक्का बसतो. दोष त्याच्या कानाचा नसून दुरुस्तीचा असतो. असे मूल पुढे गाताना गप्प राहू लागले, तर त्याचे खरे कारण शोधण्यास फारसे कोणी थांबत नाही. अशा जागी ‘गेल्ती’ गाण्यापुरते तसेच राहू द्यावे आणि ‘गेली होती’ गोष्ट सांगताना वापरावे. तीन-चार वर्षांची मुले गाण्याची भाषा व गोष्टीची भाषा यांत गल्लत करीत नाहीत. भातुकलीत आईचा आवाज काढणारे मूल हाक आली की क्षणात आपल्या आवाजात ओ देते.