अपघाताचा दावा आणि सहा महिन्यांची मुदत

मंडळी, मोटारीची धडक बसून कुणाचा पाय मोडला, की घरची माणसं म्हणतात, "आधी पाय बरा होऊ दे, कोर्टकचेरीचं मग बघू." बोलणं शहाणपणाचं वाटतं खरं, पण या 'मग बघू'पायी हक्काची भरपाई हातची जाते.

जखमी माणसाला, किंवा तो दगावला तर त्याच्या वारसांना, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, असं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १६६ वं कलम सांगतं. मुदत मोजायची ती अपघाताच्या दिवसापासून. प्लास्टर निघालं त्या दिवसापासून नव्हे, की फौजदारी खटल्याचा निकाल लागला त्या दिवसापासूनही नव्हे. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत अपघात झाला, तर तूर काढणीला येईतो डिसेंबर उजाडतो आणि मुदत सरते.

गावात "दाव्याला मुदत नसते" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते अगदीच खोटं बोलत नाहीत. १९९४ साली ही मुदत काढूनच टाकली होती, तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी केलेला अर्जही चाले. पण २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिने परत आले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. उशीर माफ करण्याची सोयही त्या कलमात ठेवली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे जाचकच आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तेव्हा उशीर झालेल्यांनी आशा सोडू नये, वकिलाला विचारावं. मात्र अंतरिम आदेश ही पावसातली उघडीप समजा. तिच्या भरवशावर खळं उघडं टाकू नका.

आणखी एक गल्लत होते. पोलिसांत फिर्याद दिली की दावा झाला, असं लोक समजतात. फिर्याद वेगळी, दावा वेगळा. पोलिसांनी धाडलेला अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणानं अर्ज म्हणून धरावा, अशी तरतूद आहे खरी. पण तो अहवाल पोचला का, हे आपणच जाऊन विचारलेलं बरं.

अपघात सोलापूरकडे झाला आणि तुम्ही राहायला बीड जिल्ह्यात, तरी हेलपाटे नकोत; आपल्या राहत्या भागातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

गुरुजी, कागद वाचून घ्यायला लोक तुमच्याकडेच येतात. पहिल्या खबरीची नक्कल, पंचनामा, दवाखान्याचे कागद, औषधांच्या पावत्या, गाडीचा नंबर आणि विम्याची माहिती एका पिशवीत ठेवायला सांगा. एखादा कागद राहिला म्हणून अर्ज अडवून धरू नये, तो मागाहून देता येतो. वकील परवडत नसेल, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्न असणारांना तिथं फुकट वकील मिळतो.