कोरडं दगडफूल, मंगळाचा उजेड

दगडफुलाचे फोटो काढायला पाऊस उघडल्या उघडल्या जाऊन उपयोग नसतो. ओलं असताना त्याचं वरचं आवरण पारदर्शक होतं, आतलं शैवाल दिसतं आणि करडा पापुद्रा हिरवागार होतो. डोळ्यांना सुरेख, पण कॅमेरा जरा सरकला की ओली चकाकीही सरकते आणि फोटो जोडणारा संगणक गोंधळतो. म्हणून माझी चित्रकार मैत्रीण सह्याद्रीतला कातळ पुरता वाळू देते. ऊन नको, ढग हवेत. सावल्या पडल्या तर त्या रंगातच गोठतात.

तळहाताएवढ्या डागासाठी ती पन्नासेक फोटो सहज काढते. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायलाच हवा. शेजारी मोजपट्टी. मी मदतनीस, म्हणजे बहुतेक वेळ छत्री धरून उभी. घरी संगणक सगळ्या फोटोंतले समान बिंदू शोधतो आणि त्यांतून उंचसखल पृष्ठभाग उभा करतो. कपारींत भोकं राहतात, ती हातानं बुजवायची. खरं काम तिथं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे.

मग मंगळ. तो ती प्रेक्षकांसाठी पडद्यावर उभा करते. 2006 पासून त्याच्याभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानावर हायराइज नावाचा कॅमेरा आहे. त्याच्या छायाचित्रांवरून केलेले भूप्रदेशाचे त्रिमितीय नकाशे कुणालाही फुकट मिळतात. पण त्या छायाचित्रांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण 30 सेंटिमीटर. त्याहून बारीक पोत त्यात नसतो. तो पोत ती आपल्या कातळाचा घालते. ही लबाडी मला मान्य आहे, कारण मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टच आहे, आपल्या सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हासारखा. शेवटी उजेड: सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या निम्म्याहून कमी, आभाळ धुळकट पिवळं, सूर्यास्ताजवळ निळसर.

त्यावर दगडफूल ठेवायचं का, यावर आमचा वाद झाला. मंगळावर ते सापडलेलं नाही. मात्र 2008-09 मध्ये झँथोरिया एलेगन्स हे नारिंगी लायकेन, म्हणजे दगडफूलच, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर सुमारे दीड वर्ष ठेवलं होतं. ते थंड पर्वतांवर आणि ध्रुवप्रदेशांत वाढतं. परत आणून ओलं केल्यावर त्याच्या काही नमुन्यांत प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झालं. बाहेर ते टिकलं ते सुकून, सगळे व्यवहार बंद ठेवून. संगणकाला हवी असलेली अवस्था नेमकी हीच.

माझी सूचना अशी होती की प्रेक्षक पडद्याजवळ आला की डाग ओला होऊन हिरवा व्हावा. लोकांना आवडलं असतं. तिनं साफ नकार दिला. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, पाणी द्रवरूपात टिकणार कसं? अवकाशात गेलेलं लायकेनही हिरवं झालं नव्हतं, त्याला पाणी इथं येऊन मिळालं. त्यामुळे तिच्या मंगळावर दगडफूल करडंच आहे, आणि दुरून ते दगडापासून वेगळं काढता येत नाही, अशी माझी तक्रार तिनं अजून मनावर घेतलेली नाही.