कपाळामागचं उशिराचं पीक

बसा रे पोट्टेहो. आज कवटीच्या आतली गोष्ट ऐका. तुमच्या वर्गातल्या त्या पोराला तुम्ही भिंगरी म्हणता ना? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, पेन्सिली हरवतो, एका जागी बूड टेकत नाही. सगळे म्हणतात, मुद्दाम करतो. त्याचं काय आहे ते डॉक्टरच तपासून सांगतील. पण लक्ष टिकत नाही, स्वतःला आवरता येत नाही, अशा ज्या अवस्थेला एडीएचडी म्हणतात, ती असलेल्या पोरांच्या मेंदूत काय दिसलं, ते मी सांगतो.

1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, तरी स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांबद्दल तो बोलला. पण जिवंत मेंदूत डोकावायची सोय तेव्हा नव्हती. ती फार पुढे एमआरआयनं दिली. काय यंत्र आहे बाप्पा! मोठ्या चुंबकात माणसाला निजवायचं आणि त्याच्या शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून आतलं चित्र काढून घ्यायचं. कुठं चिरायचं नाही, टोचायचं नाही.

2007 साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सोबत्यांनी 446 मुलांची अशी चित्रं अभ्यासली. निम्म्यांना एडीएचडी होतं, निम्म्यांना नव्हतं. मेंदूचा वरचा पापुद्रा लहानपणी जाड होत जातो, एका वयाला पुरता भरतो आणि मग हळूहळू पातळ होतो. पातळ होणं हेही वाढीचंच काम बरं का. इतर मुलांत या पापुद्र्याचा निम्मा भाग साधारण साडेसात वर्षांच्या वयाला पुरता भरला होता. एडीएचडीच्या मुलांत ते वय निघालं साडेदहा. तीन वर्षांचा उशीर! आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून ‘थांब, आधी विचार कर’ असा हुकूम सुटतो.

आपल्या वावरात सोयाबीन आणि तूर एकाच पावसावर पेरतो. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघतं, तेव्हा तूर हिरवीगार उभी असते. तिला कुणी वाया गेलेली म्हणतं का?

आता खरी गंमत ऐका. हातपाय हलवायला लावणारा भाग याच मुलांत थोडा लवकर भरलेला दिसला. म्हणजे पळायचा हुकूम आधी तयार आणि थांबायचा मागून येणार. सांगा, तो वर्गात कसा बसेल?

2017 साली मार्टिन हूगमन या बाईंच्या गटानं 23 ठिकाणची चित्रं एकत्र केली, तीन हजारांहून जास्त माणसांची. मेंदूच्या आत खोलवर असलेले काही भाग, भावनांशी जोडलेला अमिग्डाला त्यातलाच, एडीएचडी असलेल्यांत सरासरीनं किंचित लहान निघाले. हा फरक मुलांत दिसला, मोठ्या माणसांत तसा दिसला नाही. पण तो इतका बारीक आहे, की एकट्या पोराचं चित्र पाहून कुणी निदान करू शकत नाही. हजारोंची सरासरी काढावी तेव्हा तो कळतो. कुणी म्हणालं, चित्र काढा म्हणजे लगेच समजेल, तर ऐकू नका.

‘मग तो मोठा झाला की आपोआप नीट होईल?’ चांगलं विचारलंस. काहींचा त्रास ओसरतो, पुष्कळांना मोठेपणीही थोडाबहुत राहतो. म्हणून नुसती वाट पाहत बसायचं नाही. आईबापांना आणि मास्तरांना त्याला कसं हाताळायचं ते शिकवतात, गरज असेल तर औषधही असतं. शाळेत आरोग्याचं पथक येतं ना, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. 2013 साली त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याच्या तपासणीच्या यादीत दात, डोळे, रक्त यांच्यासोबत एडीएचडीही आहे. पण घाईच्या तपासणीत पथकाला ते दिसेलच असं नाही, आईनं आणि मास्तरांनी सांगावं लागतं. त्याच्या आईशी मी बोलतो. तुम्ही एवढंच करा, त्याला पुढच्या बाकावर जागा द्या, आणि भिंगरी म्हणणं आजपासून बंद.