जुन्या एंजिनाची नाडीपरीक्षा

मोटारीच्या एंजिनाची शक्ती डोळ्यांना दिसत नाही, आणि कानांना जी ऐकू येते ती पुष्कळदा फसवी असते. जुनी स्पोर्ट्स मोटार भरधाव निघाली की तिच्या गर्जनेने मालकाचे मन भरून येते. परंतु आवाज मोठा म्हणून शक्ती मोठी, असा काही निसर्गाचा नियम नाही. एंजिनाच्या अंगी खरोखर बळ किती, आणि ते बळ वापरताना त्याच्या प्रकृतीला अपाय तर होत नाही ना, हे जाणून घ्यावयाचे असेल तर मापनावाचून गत्यंतर नाही. हे मापन करणारे साधन म्हणजे डायनामोमीटर, अर्थात शक्तिमापक.

ह्या साधनामागील कल्पना मोटारीहून जुनी आहे. फिरत्या चाकाला अडवावे आणि अडवून धरण्यास किती जोर लागतो तो तोलावा, एवढीच ती कल्पना. गास्पार द प्रोनी ह्या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये घर्षणाचा असा ब्रेक बनविला. परंतु घर्षणाचा ब्रेक फार तापतो, आणि मोठ्या एंजिनापुढे त्याचा निभाव लागत नाही. १८७७ मध्ये इंग्लंडातील विल्यम फ्रूड ह्याने जहाजांच्या एंजिनांसाठी पाण्याची योजना केली. एका बंद पेटीत खोलगट कप्प्यांचे चक्र असते. एंजिन ते फिरविते आणि आतले पाणी घुसळले जाते. घुसळलेले पाणी पेटीला आपल्याबरोबर फिरवू पाहते, आणि पेटीला जोडलेला दांडा तराजूवर टेकून तिला थोपवून धरतो. तराजूवरील भार वाचला की एंजिनाचा पीळ कळतो. आज पाण्याऐवजी विद्युत्-चुंबकीय ब्रेकही वापरतात; तत्त्व मात्र तेच.

पीळ आणि शक्ती ह्यांतील भेद येथे ध्यानी घेतला पाहिजे. पीळ म्हणजे फिरविण्याचा जोर. शक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने काम करतो त्याचे माप. जेम्स वॉटने ठरविलेली एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम. त्यावरून असा हिशेब निघतो की, फूट-पौंडांतील पीळ आणि मिनिटाचे फेरे ह्यांच्या गुणाकाराला ५,२५२ ने भागले असता अश्वशक्ती मिळते. जॅग्वार कंपनीने १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडलेल्या एक्सके १२० ह्या मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्या ३,४४२ घन सेंटीमीटरांच्या सहा सिलिंडरी एंजिनाचा पीळ मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर १९५ फूट-पौंड असल्याचे कंपनी सांगे. म्हणजे तेथे सुमारे ९३ अश्वशक्ती. ५,००० फेऱ्यांवर कंपनीचा आकडा १६० अश्वशक्तीचा. तेथे पीळ १६८ पर्यंत उतरलेला निघतो. पीळ घटला, तरी फेरे दुप्पट झाल्याने शक्ती वाढली.

अशा छापील आकड्यांविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. त्या काळी पुष्कळ कारखाने पंखा, हवेची गाळणी, सायलेन्सर इत्यादी उतरवून एंजिन तपाशीत आणि येणारा ढोबळ आकडा जाहीर करीत. तेच एंजिन मोटारीत बसवून, मागची चाके फिरत्या रुळांवर ठेवून तपासले, तर गिअरबॉक्स, मागचा आस आणि टायर ह्यांतही शक्ती खर्ची पडते. हवेचाही वाटा असतोच. सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरात हवेचा दाब समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा सुमारे एक दशांशाने कमी. म्हणून तेथे एंजिनाला प्राणवायूही कमी मिळतो. यास्तव तापमान व दाब नोंदवून आकड्याला दुरुस्ती लावावी लागते. छापील आकडा गाठला नाही म्हणून धीर सोडणारा मालक आणि तो कसाही गाठावयाचाच असा हट्ट धरणारा मालक, दोघेही सारखेच चुकतात.

चाचणीपूर्वी एंजिन नीट तापवितात. तेलाचा दाब आणि प्रत्येक सिलिंडरमधील दाब पाहतात. झडप गळत असेल किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील, तर पुढचा खटाटोप व्यर्थ होय. मग निरनिराळ्या फेऱ्यांवर भार देऊन नोंदी घेतात व त्यांचा आलेख काढतात. त्यानंतरचा नियम कडक आहे: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बदलावयाच्या गोष्टी मुख्यत्वे दोन: मिश्रण आणि ठिणगीची वेळ. एक्सके १२० ला एसयू जातीचे दोन कार्ब्युरेटर असत. त्यांत हवेच्या ओढीने एक दट्ट्या वरखाली होतो. त्याला जडविलेली निमुळती सुई वर सरकली की पेट्रोलचे छिद्र अधिक मोकळे होते. सुईच्या जाडीत केसाएवढा फरक केला, तरी मिश्रण बदलते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण भारावर मात्र १३ च्या आसपासचे दाट मिश्रण अधिक शक्ती देते आणि एंजिनाला फार तापू देत नाही.

जुन्या एंजिनाला खरा धोका येथेच आहे. ज्या पेट्रोलसाठी कारखान्याने त्या सुया निवडल्या, ते पेट्रोल आता राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने त्याच्या एका भागाला सुमारे ९ भाग हवा पुरते. परिणामी, जुन्या पुस्तकाबरहुकूम लावलेला कार्ब्युरेटर आज विरळ मिश्रण देतो. मोटार संथ चालविताना हा दोष जाणवेलच असे नाही. पण लांब चढावर, पूर्ण भाराखाली, झडपा जळू शकतात आणि दट्ट्याचा माथा वितळू शकतो. शक्तिमापकावर, धुराच्या नळीत प्राणवायूचा मापक बसविला, की तोच दोष काही क्षणांत उघड होतो.

ठिणगीचेही तसेच. पेट्रोल जळावयास वेळ लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते, आणि फेरे वाढतील तशी ती अधिक लवकर. डिस्ट्रिब्यूटरमधील वजने व स्प्रिंगा हे काम करतात, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्या झिजतात. ठिणगी अंशाअंशाने पुढे नेली की पीळ वाढत जातो, मग वाढ थांबते, आणि त्याहीपुढे गेल्यास मिश्रण अवेळी भडकून नॉकिंगचे ठोके बसू लागतात. शहाणा कारागीर वाढ थांबते तेथेच, किंबहुना एखादा अंश अलीकडेच, थांबतो.

ह्या एंजिनातून आणखी शक्ती काढता येते, हे खरे. ह्याच घराण्यातील एंजिनाने १९५३ ची ल मांची शर्यत वेबर कार्ब्युरेटर लावून जिंकली. पण शर्यतीचे एंजिन चोवीस तास टिकले की त्याचे कार्य झाले. जुन्या मोटारीतील एंजिनाला अजून कित्येक वर्षे चालावयाचे असते. ह्या घराण्याचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले. मोटारीबरोबर आलेला मूळ ठोकळा फुटला, तर दुसरा मिळेलही, परंतु मूळ गेला तो गेलाच. म्हणून चाचणीच्या अखेरीस हाती येणाऱ्या आलेखात केवळ उंच टोक शोधू नये. खालच्या फेऱ्यांपासून वरपर्यंत पीळ कोठे खचतो आणि मिश्रण कोठे विरळ होते, हे आधी पाहावे. शक्तीचा आकडा त्यानंतर वाचावा.