कुलुपावांचून बंद होणारी पेटी

जिला कुलूप नाहीं, किल्ली नाहीं, बिजागरी नाहीं, इतकेंच नव्हे तर झांकण कोणतें आणि तळ कोणता हेंही जिच्याकडे पाहून कळत नाहीं, अशी एखादी पेटी हातांत आली असतां मनुष्य प्रथम ती हलवून पाहतो, मग चोहोंकडून दाबून पाहतो, आणि शेवटीं तिच्यावर बळाचा प्रयोग करूं लागतो. या शेवटच्या पायरीपूर्वीं जो थांबतो त्यालाच ती पेटी वश होते. अशा पेट्या जपान देशांतील हाकोने येथें फार दिवसांपासून होत आल्या आहेत. त्यांना तेथें ‘हिमित्सु-बाको’, म्हणजे गुप्ततेची पेटी, असें म्हणतात. त्यांची घडण, त्यांचा संग्रह आणि त्यांची उकल यांविषयीं थोडी माहिती वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हाकोने हा डोंगराळ मुलूख फुजी पर्वताच्या आग्नेयेस कानागावा परगण्यांत आहे. एदो, म्हणजे आतांचें टोकियो, आणि क्योतो या दोन नगरांना जोडणारा तोकाइदो नांवाचा जुना राजमार्ग याच डोंगरांतून जात असे, व सन १६१९ पासून तेथें प्रवाशांची तपासणी करणारा नाकाही होता. या मार्गावर हाताजुकु नांवाचें एक गांव आहे. तेथें इशिकावा निहेइ (१७९० ते १८५०) या कारागिरानें निरनिराळ्या रंगांच्या लांकडांचे तुकडे जोडून नक्षी करण्याची कला नांवारूपास आणली. तिला ‘योसेगी-झाइकु’ म्हणतात. येणारे-जाणारे वाटसरू या वस्तु आठवण म्हणून विकत घेत. पुढें याच नक्षीनें मढविलेल्या गुप्त पेट्या होऊं लागल्या. सन १९८४ मध्यें जपान सरकारनें या नक्षीकामास पारंपरिक कला म्हणून मान्यता दिली.

या नक्षींत रंग म्हणून लावलेला नसतो. जो रंग दिसतो तो लांकडाचा स्वतःचाच. मिझुकी नांवाच्या झाडाचें लांकूड पांढरें, निगाकीचें पिवळें, अक्रोडाचें तपकिरी, आणि आपल्या सोनचाफ्याच्याच कुळांतील ‘हो’ नामक वृक्षाचें हिरवट. या लांकडांच्या बारीक काड्या करून त्या नमुन्याप्रमाणें सरसानें जोडतात, म्हणजे एक ठोकळा तयार होतो. मग त्या ठोकळ्यावर मोठा रंधा चालवून कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात आणि ते पेटीवर चिकटवितात. या नक्षीचा शोभेपलीकडेही एक उपयोग आहे. चौकटी व त्रिकोण यांच्या गर्दींत फळ्यांचे सांधे लपून जातात, आणि कोठें हात घालावा तें शोधणाऱ्याच्या डोळ्यांस कळत नाहीं.

आतां आंतील युक्ति पाहूं. आपल्याकडील जुन्या पेटाऱ्यांतून चोरकप्पा असे. तो एकदां ठाऊक झाला कीं संपला. हिमित्सु-बाकोचें तसें नाहीं. तिच्यांत एक फळी दुसरीस अडवून धरते, दुसरी तिसरीस, आणि शेवटची झांकणास. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांत करतां येईल असा एक साधा नमुना घेऊं. पेटीचें झांकण खांचेंतून पुढें सरकणारें आहे असें समजा. समोरची फळी झांकणाच्या जाडीइतकी वर ठेविली म्हणजे झांकण अडलें. ही समोरची फळी उभ्या खांचेंत तितकीच खालीं सरकूं शकेल अशी केली, तर ती खालीं जातांच झांकणास वाट मिळेल. परंतु खालीं जाण्यास तिलाही वाट नको, म्हणून खऱ्या तळाखालीं आणखी एक खोटा तळ बसवावा, व त्याची कड समोरच्या फळीच्या खालीं येऊं द्यावी. झाली पेटी. प्रथम खोटा तळ जवाएवढा मागें सारावा, मग समोरची फळी खालीं ओढावी, मग झांकण सरकवावें. या तीन चाली झाल्या.

बंद करतांना मात्र क्रम उलटा धरावा लागतो. झांकण आधीं जागेवर आल्यावांचून समोरची फळी वर चढत नाहीं, आणि ती वर चढल्यावांचून खोटा तळ पूर्वस्थळीं येत नाहीं. चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या अभिमन्यूस होती, परतण्याची नव्हती. पेटी उघडणाऱ्यानें दोन्ही विद्या शिकाव्या लागतात.

हाकोनेच्या पेट्या ४, ७, १०, २१, २७, ५४, ७२ अशा अनेक चालींच्या असतात. त्यांचा आकार ‘सुन’ या जुन्या जपानी मापानें मोजतात. एक सुन म्हणजे सुमारें ३ सेंटिमीटर. पेटीस बाजू तर सहाच. मग ७२ चाली कोठून आल्या? याचें उत्तर असें कीं तीच फळी पुनःपुन्हां पुढें-मागें करावी लागते. एक फळी थोडी सरकली कीं दुसरीस अर्धी वाट मिळते, ती अर्धी गेली कीं पहिलीस परत यावें लागतें. हें तत्त्व चिनी कड्यांच्या प्रसिद्ध कोड्यांत स्पष्ट दिसतें. इटलींतील गणिती कार्दानो यानें सन १५५० च्या आपल्या ग्रंथांत त्या कोड्याचा उल्लेख केला आहे. त्यांत एखादें कडें काढावयाचें तर त्याच्या लगतचें पुढचें कडें दांड्यावर असावें लागतें, आणि त्याही पुढचीं सर्व उतरलेलीं असावीं लागतात. म्हणून ५ कड्यांस २१ चाली पुरतात, परंतु ७ कड्यांस ८५ आणि ९ कड्यांस ३४१ लागतात. एकेक कडें वाढलें कीं श्रम जवळजवळ दुप्पट होतात.

अलीकडच्या कारागिरांनीं सरकत्या फळ्यांखेरीज इतरही युक्त्या योजिल्या आहेत. एखाद्या पेटींत लहानशी धातूची सळई आपल्या वजनानें भोंकांत पडून फळीस अडविते. पेटी ठराविक बाजूस कलती केली म्हणजे ती मागें सरते. एखादी पेटी मेजावर भोंवऱ्यासारखी फिरवावी लागते, म्हणजे आंतील सळया वेगानें बाहेरच्या दिशेस फेंकल्या जातात व अडसर सुटतो. हाकोनेकडील अकिओ कामेइ व त्यांचे सहकारी यांनीं ‘काराकुरी क्रिएशन ग्रुप’ या नांवाखालीं अशा नवनवीन पेट्या रचल्या आहेत. अशा कामांत कारागिराची खरी कसोटी लागते ती लांकडाच्या स्वभावाशीं. लांकूड दमट हवेंत फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें, आणि तेंही तंतूंच्या लांबीपेक्षां आडव्या दिशेनें फार अधिक. फळी अति घट्ट बसविली तर पावसाळ्यांत हलणार नाहीं. सैल ठेविली तर पेटी खुळखुळेल व गुपित फुटेल. म्हणून लांकूड पुष्कळ दिवस वाळवून मगच वापरावें लागतें.

अशा वस्तूंचा संग्रह करणारे रसिकही पुष्कळ आहेत. त्यांपैकीं अमेरिकेंतील जेरी स्लोकम यांचें नांव सर्वश्रुत आहे. सन १९७८ मध्यें त्यांच्या घरीं कोडेंप्रेमी मंडळींचा जो मेळावा भरला, त्यांतूनच पुढें आंतरराष्ट्रीय संमेलनांची प्रथा पडली. आपल्या संग्रहांतील ३०,००० हून अधिक कोडीं त्यांनीं इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयास दिलीं. पैशाच्या दृष्टीनें पाहतां ही संपत्ति घरींच ठेवतां आली असती. परंतु जें कोडें कपाटांत पडून राहतें आणि कोणाच्याही हातीं पडत नाहीं, तें नुसतें लांकूड होय.

ज्यास अशी पेटी सोडवावयाची असेल त्यानें पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पेटीस सहा बाजू, आणि प्रत्येक बाजू चार दिशांस ढकलून पाहतां येते. म्हणजे एकूण २४ प्रयत्न. ते अंगठ्याच्या हलक्या दाबानें, क्रमानें आणि टिपण ठेवून करावे. एक चाल साधली कीं पुन्हां तेच २४ प्रयत्न करावे. त्यांतील एक पावलें मागें नेणारा असतो, तो ओळखून बाजूस ठेवावा. आणि फळी हालत नसेल तर चाकूचें टोंक कधींही घालूं नये. पावसाळ्यांत कोंकणासारख्या दमट हवेंत पेटी अडली, तर कोरडे दिवस येईपर्यंत वाट पाहणें हाच उपाय.

पालकांसही एक विनंति. मुलगा तासभर अडून बसला म्हणजे उत्तर सांगून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. सांगितलेल्या उत्तरानें पेटी उघडते, पण शोधण्याचा आनंद त्या मुलास पुन्हां कधींही मिळत नाहीं, कारण त्या पेटीचें गुपित प्रत्येकास एकदांच सांपडावयाचें असतें.

शेवटीं एक विचार मनांत येतो. ही पेटी पातळ लांकडाची आहे. दगडाच्या एका घावानें तिचे तुकडे होतील, हें करणाराही जाणतो आणि घेणाराही जाणतो. तिजोरी चोराच्या बळास अडविते. ही पेटी बळास मुळींच अडवीत नाहीं. जो तिचा नियम पाळण्यास राजी असेल त्याच्यासाठींच ती बंद आहे, आणि त्याच्यासाठींच ती उघडते. शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ, असें आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु हातांत शक्ति असूनही ती न वापरणें, ही त्या युक्तीची पहिली चाल आहे, हें या पेटीमुळें विशेष रीतीनें समजतें.